पणजीची पाळणाचौकट : वापरावी, जपावी की नव्याने बांधावी?
अ‍ॅरिझोनातील एका अकिमेल ओओदाम (पिमा) कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कुटुंबाच्या संमतीने लिहिले आहे. ओळख पटू नये म्हणून नावे दिलेली नाहीत आणि काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत. मी फिनिक्स परिसरात लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि बाळाच्या खुब्याच्या सांध्याविषयी सल्ला देण्यापुरती या प्रकरणात सहभागी होते. ज्या गोष्टी माझ्यासमोर घडल्या नाहीत, त्या बाळाच्या आईने आणि आजीने सांगितल्याप्रमाणे दिल्या आहेत.

पार्श्वभूमी

ज्यांना बाहेरचे लोक ‘पिमा’ म्हणतात ते स्वतःला अकिमेल ओओदाम, म्हणजे नदीकाठचे लोक, म्हणवतात. त्यांची मुख्य वस्ती फिनिक्सच्या दक्षिणेला, हीला नदीच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या आणि १८५९ मध्ये स्थापन झालेल्या राखीव प्रदेशात आहे. आपल्याकडे शर्टाच्या पट्टीवर ‘पिमा कॉटन’ असे लिहिलेले असते, ते नाव याच लोकांवरून आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅकटन येथील सरकारी प्रयोगशेतावर या लांब धाग्याच्या कापसाची लागवड त्यांच्या हातून झाली होती.

त्यांची पाळणाचौकट अमेरिकेतील इतर अनेक जमातींच्या फळीच्या पाळण्यांहून वेगळी आहे, आणि पुढच्या निर्णयांमध्ये हा फरक महत्त्वाचा ठरला. तिला सलग फळी नसते. विलोची (आपल्याकडच्या वाळुंजाच्या कुळातले झाड) काठी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवून तिच्यावर आडव्या काटक्या बांधतात, त्यावर विलोच्या सालीचे कुटून मऊ केलेले तंतू अंथरतात आणि बाळाला कापडाच्या पट्ट्यांनी त्यावर बांधतात. डोक्याच्या बाजूला सालीच्याच पट्ट्यांची विणलेली कमानदार छत्री असते. १९०१-०२ मध्ये या लोकांत राहिलेल्या फ्रँक रसेल यांच्या १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात या पाळण्याची नोंद आहे. ओझी वाहण्यासाठी बायकांकडे वेगळे साधन असे. सग्वारो निवडुंगाच्या काठ्यांवर घायपाताच्या दोराची जाळी ताणलेला तो सांगाडा कपाळपट्टीने पाठीवर पेलला जाई. बाळ मात्र त्यात नव्हे, तर पाळणाचौकटीत किंवा कडेवर असे.

चौकट वापरातून गेली त्यामागे नव्या वस्तूंची आवड हे कारण होतेच, पण ते एकटे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला वसलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी हीलाचे पाणी कालव्यांनी वळवले. पिढ्यान्‌पिढ्या कालवे काढून शेती करणाऱ्या या लोकांवर उपासमारीची पाळी आली आणि नदीबरोबर काठचे विलोचे पट्टेही वाळत गेले. जिथे विलो नाही तिथे त्याची साल नाही, आणि साल नसेल तर पाळणा बांधायला शिकवायचे तरी कशावर? त्यातच मुलींच्या काही पिढ्या घरापासून दूर निवासी शाळांत वाढल्या. या कुटुंबातल्या आजींनी, म्हणजे बाळाच्या आईच्या आईने, चौकट पाहिली होती आणि तिच्यात बांधलेली लहान भावंडे सांभाळली होती, परंतु स्वतः कधी बांधली नव्हती.

बाळाची आई तिशीतली, शहरात नोकरी करणारी आणि पहिलटकरीण होती. तिला गर्भारपणात मधुमेह झाला होता. या समाजात टाइप-२ मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे आणि १९६५ पासून कित्येक दशके तिथे त्याचा सलग अभ्यास झाला, त्यामुळे घरात या निदानाचे कोणाला आश्चर्य वाटले नाही, पण धास्ती होती. मूल पायाळू असल्याने सिझेरियन करावे लागले. मुलगी झाली, अंगाने चांगली भरलेली होती, आणि महिना ऑगस्टचा होता.

प्रश्न कसा उभा राहिला

बाळंतपणाच्या थोडे आधी कुटुंबाकडे एक जुनी पाळणाचौकट आली होती. ती पणजीच्या घरातून कित्येक दशकांपूर्वी एका संग्राहकाने विकत घेतली होती. पुढे ती काही काळ एका छोट्या खासगी संग्रहालयात राहिली आणि अखेरीस संग्राहकाच्या वारसांनी आपणहून परत केली. सोबतच्या फोटोवरून आजींनी ती ओळखली. छत्रीवरची नक्षी अजून शाबूत होती. घरातल्या सगळ्यांनी धरूनच चालले की नवे बाळ या चौकटीत ठेवायचे, आणि आजींनी पट्ट्यांसाठी सुती कापडही फाडून ठेवले.

रुग्णालयात घरी सोडताना झालेल्या चर्चेत आईने ही गोष्ट सहज सांगितली. परिचारिकेने बाळ मोकळे, सपाट आणि कडक गादीवर उताणे झोपवायचे असते हे समजावून सांगितले आणि चौकट वापरू नये असे सुचवले. ‘का?’ या प्रश्नाला मिळालेले उत्तर झोप, श्वास, उष्णता आणि खुबे या सगळ्यांची सरमिसळ होते. घरी आजींना ते उत्तर ‘आपल्या वस्तूंना त्यांची नेहमीची हरकत’ असे ऐकू आले. बाळाची आई आणि आजी यांच्यात दोन दिवस अबोला होता. बाळाच्या मावशीने मध्यस्थी केली आणि प्रश्न आमच्या बाह्यरुग्ण विभागापर्यंत आला.

पहिल्या भेटीत एक गोष्ट लगेच लक्षात आली. सगळे जण ‘चौकट हो की नाही’ असे विचारत होते, आणि या एका प्रश्नात निदान चार वेगळे प्रश्न गुंतलेले होते : ही विशिष्ट जुनी वस्तू सुरक्षित आहे का, पाय कसे बांधायचे, त्यात झोपवायचे की फक्त जागेपणी ठेवायचे, आणि ऑगस्टच्या उन्हाळ्यात गुंडाळायचे किती. यांपैकी कशाचेही उत्तर दुसऱ्यावरून काढता येत नव्हते.

पहिला निर्णय : जुन्या चौकटीचे काय?

हा मुद्दा आमच्यापैकी कोणीही नव्हे, मावशीने काढला. ती हस्तकला केंद्रात काम करत असल्याने तिला ठाऊक होते की विसाव्या शतकात बराच काळ संग्रहालयांत चामडे, पिसे, साल, कापड अशा वस्तूंना कसर लागू नये म्हणून आर्सेनिकयुक्त द्रव्ये (आपल्याकडचा सोमल त्याच जातीचा) आणि पाऱ्याचे क्षार लावत असत. १९९० च्या कायद्याखाली आदिवासी समाजांना ज्या वस्तू अधिकृतपणे परत मिळतात, त्यांच्यावर अशी प्रक्रिया झाल्याचे माहीत असल्यास ते कळवण्याचे बंधन संग्रहालयावर असते. ही चौकट मात्र त्या मार्गाने आली नव्हती. वारसांनी प्रेमाने, खोक्यात घालून पाठवली होती, त्यामुळे कोणी काही कळवण्याचा प्रश्नच आला नाही. चांगल्या भावनेने परत आलेल्या वस्तूला विचारणा करणारे कागदपत्र नसतात, ही या प्रकरणातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट होती.

एका वस्तुसंवर्धकाने क्ष-किरण प्रतिदीप्ती उपकरणाने चौकट तपासली. या तपासणीत वस्तूला ओरखडाही येत नाही आणि पृष्ठभागावरची जड मूलद्रव्ये कळतात, पण डीडीटीसारखी सेंद्रिय कीटकनाशके तिला दिसत नाहीत. छत्रीवर आणि सालीच्या अंथरुणावर आर्सेनिक आढळले. लाकडी चौकटीवर ते अगदी थोडे होते.

पर्याय तीन होते. छत्री आणि अंथरूण काढून केवळ लाकूड वापरणे, सगळे धुऊन वापरणे, किंवा अजिबात न वापरणे. धुण्याचा पर्याय संवर्धकाने नाकारला, कारण तंतूंत मुरलेले आर्सेनिक धुण्याने खात्रीने जात नाही, धुणाऱ्याच्या हाताला व पाण्याला लागते आणि सालीचे काम विस्कटते ते वेगळेच. उरलेले लाकूड वापरण्याकडे आईचा कल होता. आजींनीच त्याला नकार दिला. बाळ हाताला लागेल ते तोंडात घालते, त्यामुळे ‘अगदी थोडे’ हा शब्द त्यांना पुरेसा वाटला नाही. हातमोजे घालून चौकटीची सर्व मापे घेतली, गाठींचे फोटो काढले आणि ती पॉलिथिनच्या बंद आवरणात ठेवली. ज्या आजींना रुग्णालयाचा नकार अपमानास्पद वाटला होता त्यांनी हा निर्णय कोणाच्याही आग्रहाशिवाय घेतला. फरक एवढाच की इथे कारण स्पष्ट होते आणि ते त्यांच्यासमोर मोजून दाखवले गेले होते.

दुसरा निर्णय : पाय

हा भाग माझ्या कामाचा असल्याने थोडा सविस्तर लिहिते. जन्मतः बाळाच्या खुब्याची वाटी उथळ आणि बरीचशी कूर्चेची असते. मांडीच्या हाडाचे गोल टोक तिच्यात नीट बसून राहिले तर वाटी पहिल्या काही महिन्यांत खोल होत जाते. पाय सरळ ताणून, एकमेकांना चिकटवून दीर्घकाळ बांधले तर ते टोक वाटीच्या कडेकडे ढकलले जाते. घट्ट, पाय सरळ ठेवणाऱ्या पाळण्यांचा वापर करणाऱ्या समाजांत, उदाहरणार्थ शेजारच्या नवाहो लोकांत, खुब्याच्या या विकाराचे प्रमाण जास्त असल्याचे विसाव्या शतकातल्या पाहण्यांत आढळले होते. त्यातून पायाळू असणे, मुलगी असणे आणि पहिले अपत्य असणे हे तिन्ही धोक्याचे घटक या बाळात एकत्र आले होते.

सहाव्या आठवड्यात खुब्यांची सोनोग्राफी झाली. उजवी बाजू ठीक होती. डाव्या वाटीचा कोन ५६ अंश भरला. साठाच्या खालचा हा कोन त्या वयात ‘अपरिपक्व’ म्हणून नोंदवतात. त्याला लगेच पाव्हलिक पट्ट्यांची (पाय वाकवून व फाकवून धरणाऱ्या उपचाराच्या पट्ट्यांची) गरज नसते, लक्ष ठेवून तीन महिन्यांच्या सुमारास पुन्हा तपासायचे असते. म्हणजे निर्णय आमच्यावर होता : या मधल्या काळात चौकट पूर्ण बंद ठेवायची, की बांधण्याची पद्धत बदलायची?

बंदी सोपी होती आणि लिहून देता आली असती. परंतु तिचा दुष्परिणाम मी इतर कुटुंबांत पाहिला आहे. क्लिनिकमध्ये मान डोलावली जाते आणि घरी जुन्या पद्धतीनेच, कोणालाही न सांगता बांधले जाते. शिवाय दोष चौकटीचा नव्हता, पाय सरळ ठेवण्याचा होता. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत दुपट्यात पाय ओढून ‘घट्ट गाठोडे’ करण्याची जी सवय आहे तिलाही हेच लागू पडते, आणि ते करायला कोणतीही चौकट लागत नाही.

म्हणून आजींना विचारले की त्यांच्या लहानपणी बाळ दिवसातून किती वेळ बांधलेले असे. त्यांचे उत्तर कोणत्याही माहितीपत्रकात नव्हते. त्यांच्या आठवणीप्रमाणे आई शेतात वा चुलीपाशी कामात असताना बाळ चौकटीत असे, पाजताना आणि पुसताना सोडले जाई, आणि मान धरू लागले की हळूहळू कडेवर येई. ‘दिवसभर कोण बांधून ठेवील?’ असे त्या म्हणाल्या. कडेवर बसलेल्या बाळाच्या मांड्या फाकलेल्या आणि गुडघे वर असतात, आणि खुब्यासाठी नेमकी हीच ठेवण चांगली असते. परंपरेच्या पूर्ण क्रमात जी भरपाई होती ती, फक्त चौकट तेवढी उचलली असती तर, गळून पडली असती.

ठरले ते असे : छाती आणि हात हलके बांधायचे, कारण दचकून हात उडू नयेत हा आजींचा मुख्य हेतू होता. कमरेखाली मात्र पट्टी घ्यायची नाही, तर सैल पिशवीसारखे कापड ठेवायचे, ज्यात गुडघे वाकवून बाजूला पडू शकतील. त्यासाठी नव्या चौकटीच्या खालच्या आडव्या काटक्या जुन्या मापापेक्षा लांब घ्याव्या लागणार होत्या. तोवर कापडी झोळीपट्टा वापरायचा, ज्यात बाळ आईच्या छातीशी उभे, गुडघे नितंबांहून वर आणि चेहरा उघडा राहील. सिझेरियननंतर आईला बाळाहून जड काही उचलायचे नव्हते, त्यामुळे लाकडी चौकट उचलून फिरणे तसेही पहिल्या आठवड्यांत शक्य नव्हते. छातीशी बांधलेले बाळ वारंवार पाजले जाते, हा लाभ आईला विशेष मोलाचा वाटला. स्तनपान मिळालेल्या पिमा मुलांत पुढे मधुमेहाचे प्रमाण कमी असल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेले निरीक्षण तिने वाचले होते.

तिसरा निर्णय : झोप आणि उष्णता

इथे आमच्यातच एकमत नव्हते. बालरोगतज्ज्ञांचे म्हणणे रात्रीची झोप केवळ सपाट पलंगात असावी असे होते. अमेरिकी बालरोग अकादमीच्या २०२२ च्या सविस्तर मार्गदर्शनात मात्र आदिवासी कुटुंबांतील पारंपरिक पाळणाचौकटींचा उल्लेख सरसकट मनाईच्या यादीत नाही. गुंडाळल्यामुळे बाळ तापू नये याकडे लक्ष वेधले आहे. अखेर सावध बाजू घेतली गेली. रात्री पलंग, दिवसा कोणी मोठे माणूस समोर असताना चौकट जमिनीवर आडवी, आणि बाळ कुशीवर वळण्याची धडपड करू लागले की हात बांधणे पूर्ण बंद.

उष्णतेचा मुद्दा कोणी फारसा ताणला नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेला होता, त्यामुळे थर किती याची समज घराघरात आहे. घराबाहेर बांधलेले बाळ न्यायचे नाही आणि मोटारीत फक्त मोटारीची बाळखुर्ची, एवढे कागदावर लिहून दिले.

नवी चौकट

बाजारात ऑनलाइन मिळणारी ‘नेटिव्ह’ पाळणाफळी घ्यावी असे एका नातेवाइकाने सुचवले. ती सपाट फळीची, चामडी दोऱ्यांनी पायांपर्यंत आवळायची होती. म्हणजे खुब्याच्या दृष्टीने अयोग्य आणि या लोकांचीही नव्हे. तो विषय तिथेच संपला.

खरी अडचण ऋतूची होती. विलोची साल वसंतात झाडात रस चढतो तेव्हा सहज सुटते. ऑक्टोबरमध्ये ती काढणे अवघड जाते. वसंताची वाट पाहिली असती तर बाळ सात-आठ महिन्यांचे, रांगायच्या बेतात आलेले असते, आणि चौकट त्याला कधीच मिळाली नसती. आईला सगळे अस्सल हवे होते. आजींना बाळ त्यात बसायला हवे होते. त्यांनी मावशीच्या मदतीने तोडगा काढला : काठ्या आत्ता तोडायच्या, अंथरूण सुती कापडाचे करायचे, छत्रीला कापड ताणायचे, आणि सालीची छत्री वसंतात विणायची.

काठ्या मिळाल्या कारण नदीकाठ थोडा परत आला आहे. २००४ च्या पाणीवाटप कायद्याने या समाजाला वर्षाला ६,५३,५०० एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एका एकरावर फूटभर उंच साठेल इतके) पाण्याचा हक्क मिळाला, आणि त्यातले काही पाणी कोरड्या पात्रात सोडून भूजल भरण्याच्या कामामुळे सॅकटनजवळ पाणवनस्पती आणि झाडे पुन्हा उगवली आहेत. तिथून काहीही तोडायला परवानगी लागते. मावशीने ती घेतली. चौकट वाकवण्याचे काम आजींच्या एका चुलतभावाने केले, पहिली काठी मोडली, दुसरी जमली.

परिणाम

बाळ नऊ आठवड्यांचे असताना ते प्रथम नव्या चौकटीत ठेवले गेले. वापर दिवसातून एक-दोन वेळा, अर्ध्या-पाऊण तासाचा राहिला. तेराव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत डाव्या वाटीचा कोन ६२ अंश, म्हणजे सामान्य आला. याचे श्रेय बांधण्याच्या बदललेल्या पद्धतीला देता येणार नाही. या वयातले बहुसंख्य अपरिपक्व खुबे आपोआप परिपक्व होतात, आणि एका बाळावरून याहून अधिक काही सिद्ध होत नाही. चौकटीमुळे अडथळा आला नाही, इतकेच म्हणता येते.

साडेचार महिन्यांच्या सुमारास बाळ वळू लागले आणि चौकट भिंतीला लागली. त्यानंतर मुलगी आजींच्या कडेवरच दिसत असे. आई व आजी यांच्यातला ताण निवळला, तरी रुग्णालयाविषयी आजींचे मत बदलले नाही, आणि ते बदलावे अशी अपेक्षा ठेवण्याचे कारणही दिसत नाही.

वेगळे काय करता आले असते

चौकटीची माहिती गर्भारपणातल्या भेटींतच विचारली गेली असती तर आर्सेनिकची तपासणी बाळंतपणाआधी झाली असती आणि काठ्या व साल दोन्ही वसंतातच मिळाली असती. मधुमेहामुळे आईच्या तपासण्या वारंवार होत होत्या, पण बाळाला कशात ठेवणार हा प्रश्न कोणत्याही अर्जावर नव्हता. आता आमच्या विभागाच्या अर्जात तो आहे, आणि ‘वस्तू जुनी वा संग्रहातून आलेली आहे का’ हा उपप्रश्नही आहे.

घरी सोडतानाची चर्चा केवळ आईशी झाली. बांधण्याचा निर्णय ज्या घरात आजी घेतात, तिथे आजी त्या खोलीत असायला हव्या होत्या. आणि बंदीचे कारण सांगताना चार धोके एका वाक्यात कोंबण्याऐवजी प्रत्येकाचा उपाय वेगळा सांगितला असता, तर अबोल्याचे ते दोन दिवस बहुधा टळले असते.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. बंद आवरणातली जुनी चौकट घरातच आहे. ती समाजाच्या वारसा केंद्राकडे द्यावी, म्हणजे तापमान-आर्द्रता सांभाळली जाईल आणि इतर विणकऱ्यांनाही पाहता येईल, असे मावशीला वाटते. एकदा घराबाहेर गेलेली वस्तू पुन्हा बाहेर द्यायला आजी तयार नाहीत. सध्या मापे आणि फोटो केंद्राकडे दिले आहेत, वस्तू आजींच्या कपाटात आहे, आणि आवरणावर मावशीने तपासणीचा निकाल व ‘उघडू नये’ अशी सूचना चिकटवली आहे.